'तृतीय रत्न' ते 'युगयात्रा' : महाविद्यालयीन रंगमंच आणि आपण

१८४३ हे साल मराठी माणसाच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदले गेले आहे. त्या वर्षी सांगलीच्या पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवरा'चा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, असे आपण शाळेपासून शिकत आलो. त्याच वर्षी मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते आणि मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना त्यांना तेथे सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, गाडी भांडुपावरून ठाण्याला गेली. पुढे याच रुळांवरून कोकणातली, देशावरची, मराठवाड्यातली अस्पृश्य माणसे मुंबईच्या गोद्यांत, गिरण्यांत आणि नंतर उपनगरांतल्या कारखान्यांत आली. सांगलीच्या रंगमंचावर देव आणि राक्षस होते. रुळाशेजारी घाम गाळणारा माणूस त्या रंगमंचावर यायला फार वर्षे लागली. तो आला कसा, कोणत्या दाराने आला, आणि त्या दाराशी महाविद्यालयाचा संबंध काय, हा या लेखाचा विषय आहे.

मराठी रंगभूमीचे इतिहास ज्यांनी लिहिले त्यांच्या लेखी महाविद्यालयीन रंगमंच ही एक हौसेची बाब आहे. वर्षाअखेरचे स्नेहसंमेलन, त्यातले एक नाटक, दोन एकांकिका, प्राध्यापकांची हाजी हाजी आणि पारितोषिक-वितरण. फार तर पुढे नावारूपाला आलेल्या एखाद्या नटाच्या चरित्रात 'कॉलेजात असताना त्याने अमुक भूमिका केली' एवढी एक ओळ. प्रस्थापित वर्गाच्या बाबतीत हे खरेही असेल. त्यांच्याकडे नाटक कंपन्या होत्या, संगीत होते, संस्थानिकांचा आश्रय होता, वर्तमानपत्रांत परीक्षणे लिहिणारे भाऊबंद होते. महाविद्यालयाचा रंगमंच त्यांना अधिकचा होता. आपल्याला तो अधिकचा नव्हता. अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातला तरुण तमाशाच्या फडाबाहेर, स्वतःच्या इतिहासाचे नाटक घेऊन, शिकलेला माणूस म्हणून प्रेक्षकांसमोर उभा राहिला, ही घटना महाविद्यालयात घडली. म्हणून दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना महाविद्यालयाला तळटीपेत टाकून चालणार नाही.

१

आरंभ मात्र महाविद्यालयाच्या कितीतरी आधीचा आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. एक कुणबी शेतकरी, त्याची गर्भार बायको, तिच्या पोटातल्या गर्भाला ग्रहांची भीती घालून दोघांना नागवणारा जोशी, मधूनमधून तोंड घालून प्रेक्षकाला शहाणे करणारा विदूषक आणि एक पाद्री, एवढ्या साहित्यावर हे नाटक उभे आहे. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीतील भटमंडळींच्या आग्रहापुढे ते टिकले नाही, आणि नाटक नाकारले गेले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. 'पुरोगामी सत्यशोधक'ने ते प्रसिद्ध केले. म्हणजे लिहिल्यापासून छापण्यापर्यंत सव्वाशे वर्षे गेली.

या सव्वाशे वर्षांत मराठी नाट्यसमीक्षेने काय काय लिहिले याची आठवण करा. पहिले स्वतंत्र सामाजिक नाटक कोणते यावर वाद झाले. 'संगीत शारदे'ने जरठ-बाला विवाहावर घाव घातला म्हणून देवलांचे योग्य ते कौतुक झाले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले, सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली आणि राष्ट्रीय रंगभूमीच्या इतिहासात ते अमर झाले. परक्या सरकारने दाबलेले नाटक सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच विद्वानांनी दाबलेले नाटक मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. बंदीचा निदान हुकूम निघतो, तारीख पडते, कागद राहतो. उपेक्षेला हुकूम लागत नाही, म्हणून तिचा पुरावा शोधणे कठीण जाते.

'तृतीय रत्ना'चा शेवट या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फसवले गेलेले नवरा-बायको शेवटी सूड घेत नाहीत, रडत नाहीत, देवाचा धावा करीत नाहीत. ती दोघे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवितात. आपल्या परंपरेतले पहिले नाटक असे शाळेच्या दारात येऊन थांबते. त्या दारातून आत गेलेल्यांच्या वारसांनी पुढे काय केले, ते पाहायचे तर बरोबर शंभर वर्षे पुढे यावे लागते.

२

मधल्या काळात रंगमंच अगदी रिकामा नव्हता. तमाशा होता आणि तमाशा उभा होता तो मुख्यतः महार-मांगांच्या अंगच्या कलेवर. ढोलकी त्यांची, आवाज त्यांचा, पाय त्यांचे. पण फडातल्या कलावंताला रात्री टाळी मिळे आणि सकाळी गावाबाहेरची वाट. गावाने त्याची कला घेतली, त्याला माणूस म्हणून घेतले नाही. ज्या कलेने पोट भरते तीच कला अपमानाची खूण होते, अशा पेचात ही माणसे जगली.

हा पेच पहिल्यांदा जलशाने फोडला. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला माल बदलला. १९३० नंतरच्या काळात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव हिंडले. गण-गौळणीचा आशय बदलला, वगाच्या जागी अस्पृश्यतेचा, शिक्षणाचा, मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचा, महाडच्या तळ्याचा आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा विषय आला. जलशातला नट हा पोटासाठी नाचणारा नव्हता, तो कार्यकर्ता होता. ही माणसे दिवसा मजुरी करीत आणि रात्री डफ घेऊन उभी राहत. कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ मध्ये लिहून ठेवले म्हणून आज आपण एवढे तरी बोलू शकतो. ज्यांनी लिहून ठेवले नाही त्यांची गाणी त्यांच्याबरोबर गेली.

नागपूरकडे किसन फागू बनसोडे यांनी चोखामेळ्याच्या जीवनावर नाटक लिहिले. मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाला 'लोकनाट्य' या नावाने कामगारांच्या सभांत नेले. अण्णा भाऊंचे घर घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. भांडुपहून तीन-चार स्टेशने अलीकडे. विद्यापीठांत ज्यांच्या साहित्यावर आज प्रबंध होतात तो माणूस दीड दिवस शाळेत गेला, असे सांगितले जाते. जलसा आणि लोकनाट्य या दोहोंची ताकद शाळेबाहेरची होती. शाळेच्या आतून नाटक यायचे राहिले होते.

३

८ जुलै १९४५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथील वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता यावे. १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि ती वाट गरिबाच्या मुलाला परवडणारी नव्हती. अशा मुलखात बाबासाहेबांनी महाविद्यालय आणि वसतिगृहे उभारली.

महाविद्यालयाचे नाव 'मिलिंद' आणि परिसराचे नाव 'नागसेनवन'. ही नावे कोणा देणगीदाराची नाहीत. ग्रीक राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले, नागसेनाने एकेक प्रश्न उलगडून उत्तर दिले, त्या संवादाचा ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्हो'. महाविद्यालयाला नाव दिले ते उत्तर देणाऱ्याचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचे. विद्यार्थ्याचे पहिले काम प्रश्न विचारणे, हे नावातच सांगून टाकले होते. आणि नाटक म्हणजे तरी काय? दोन माणसे समोरासमोर उभी राहून एकमेकांना प्रश्न विचारू लागली की नाटक सुरू होते.

या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ साली मिलिंद महाविद्यालयात त्याचा प्रयोग झाला आणि खुद्द बाबासाहेबांनी तो पाहिला. रामायणकाळापासून आंबेडकरी चळवळीपर्यंत अस्पृश्यांच्या वाट्याला आलेल्या छळाचा प्रवास या नाटकात आहे. एकेक युग समोर येते, त्या युगातला न्याय कोणासाठी होता हे दाखविते आणि पुढच्या युगाला जागा करून देते. राजे बदलतात, ग्रंथ बदलतात, भाषा बदलते. ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याची पाठ तीच राहते.

'तृतीय रत्न' १८५५ चे, 'युगयात्रा' १९५५ ची. हा योगायोग आहे, पण तो सोडून देण्यासारखा नाही. फुल्यांच्या नाटकातली निरक्षर नवरा-बायको शाळेत जायला निघाली होती. शंभर वर्षांनी त्यांच्याच परंपरेतल्या मुलांनी महाविद्यालयाच्या रंगमंचावरून हजारो वर्षांचा हिशोब मागितला. फुल्यांच्या नाटकाला कमिटीने नाकारले होते. 'युगयात्रे'ला कोणत्याही कमिटीची परवानगी लागली नाही, कारण रंगमंच आपला होता, महाविद्यालय आपले होते, आणि पहिल्या रांगेत बसलेला प्रेक्षकही आपला होता. संस्था स्वतःची असणे म्हणजे काय, हे या एका प्रयोगावरून कळावे.

येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. चिटणीस हे अस्पृश्य समाजात जन्मलेले नव्हते. मग त्यांच्या नाटकाला दलित नाटक म्हणावे का, असा प्रश्न पुढे साहित्याच्या चर्चेत येणे स्वाभाविक होते. दलित साहित्य दलितानेच लिहावे काय, हा वाद आपल्या वाचकांना नवा नाही. पण पुस्तक एकट्याने लिहिता येते, नाटक एकट्याला करता येत नाही. संहिता चिटणीसांची असली तरी तिला अंग दिले ते विद्यार्थ्यांनी. ज्या मुलाने गावच्या पाणवठ्यावर पाणी भरलेले नाही, ज्याच्या आईने भाकरीसाठी हाळी दिली आहे, तो मुलगा प्राचीन काळातल्या शूद्राचे वाक्य उच्चारतो तेव्हा त्या वाक्याचा लेखक कोण हा प्रश्न गौण ठरतो. उलट, त्याच मुलाला राजाची किंवा पुरोहिताची भूमिका करावी लागते तेव्हा आणखी वेगळे काही घडते. ज्याच्यापुढे बापजाद्यांनी मान वाकविली त्याचे बोलणे, चालणे, हुकूम सोडणे आतून समजून घ्यावे लागते. सत्ता ही अंगावर घालायची आणि उतरवायची वस्त्रे आहेत, हे समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तालमीत लवकर कळते.

या प्रयोगात ज्या विद्यार्थ्यांनी कामे केली त्यांची नावे मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाहीत. संगीत नाटकातल्या साथीदारांची, पडदे रंगविणाऱ्यांची, अगदी कंपनीच्या आचाऱ्यांची आठवण आत्मचरित्रांतून जपली गेली. आणि नागसेनवनातली मुले मात्र 'विद्यार्थी' या एका शब्दात गेली.

४

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. धम्मदीक्षेसाठी लाखो लोक जमले होते. भाकरीची गाठोडी घेऊन, पांढरी वस्त्रे मिळतील तशी नेसून, रेल्वेने, बैलगाडीने, पायी आलेली माणसे. या सोहळ्याच्या प्रसंगी 'युगयात्रे'चा प्रयोग तेथे झाला. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे नाटक एका वर्षात समाजाच्या सर्वांत मोठ्या दिवसाचे नाटक झाले.

राज्यांच्या नकाशाचीही येथे आठवण ठेवावी. तेव्हा औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते आणि नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आले, महाराष्ट्र तर १९६० चा. मराठी भाषकांचे राज्य एक होण्याआधीच हे नाटक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले होते. मराठी भाषेची एकता संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत घोषित झाली. आंबेडकरी माणसाची मराठी त्याच्या आधीच जलशातून, पत्रकांतून आणि अशा नाटकांतून सीमा ओलांडीत होती.

धर्मांतराच्या दिवशी नाटक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर साधे आहे. ज्या धर्मात जन्मलो तो का सोडायचा हे बावीस प्रतिज्ञांत थोडक्यात सांगितले होते. त्या प्रतिज्ञांमागचा इतिहास ज्याला वाचता येत नव्हते त्याला दाखविणे आवश्यक होते. जमलेल्यांपैकी फार मोठा समुदाय निरक्षर होता. त्याला ग्रंथ देऊन उपयोग नव्हता, प्रयोग देता आला. महाविद्यालयात मिळविलेले ज्ञान महाविद्यालयाबाहेरच्या माणसाला परत करण्याची ही रीत होती. विद्यापीठीय ज्ञानाचे समाजाला देणे फेडावे, असे भाषणांत फार बोलले जाते. ते कसे फेडावे याचा हा वस्तुपाठ.

'युगयात्रा' प्रचारकी आहे, असे म्हणणाऱ्यांना कीचकवधाची आठवण करून द्यावी लागेल. तेथे प्रचार राष्ट्रीय ठरतो, येथे मात्र कलेची उणीव ठरतो. तरीही आक्षेपाचा विचार आपण आपल्या हितासाठी केला पाहिजे. युगामागून युग दाखविणाऱ्या नाटकात माणूस लहान होतो, घटना मोठी होते. पात्राला स्वतःशी झगडायला अवकाश राहत नाही. छळ करणारा कायम छळ करणाराच राहतो. पहिल्या पिढीला याची गरज नव्हती. तिला आधी आरोपपत्र मांडायचे होते. ज्याला बोलूच दिले नव्हते त्याच्या पहिल्या वाक्यात बारकावे शोधणे हा अन्याय आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीने पहिलेच वाक्य घोकत बसावे, हेही त्या पहिल्या पिढीला मान्य झाले नसते.

५

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतरची काही वर्षे चळवळीला सावरण्यात आणि पुढे फुटीत गेली. नागसेनवनात मात्र दुसरे पीक उगवत होते. मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकविणारे गंगाधर पानतावणे आणि त्यांच्या भोवतीच्या विद्यार्थ्यांनी साहित्याची चर्चा पेटती ठेवली. १९६७-६८ च्या सुमारास तेथूनच दलित साहित्याचे त्रैमासिक निघाले. कविता, आत्मकथन, समीक्षा पुढे सरसावल्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाटक या धावेत मागे पडले. कारण उघड आहे. कवितेला कागद आणि पेन्सिल पुरते. नाटकाला जागा, तालीम, दिवे, कपडे, भाडे आणि दहा माणसांचा एकाच वेळी मोकळा असलेला वेळ लागतो. दहा कामगार-विद्यार्थ्यांचा मोकळा वेळ एकत्र जुळविणे म्हणजे काय, हे पाळीवर काम केलेल्यालाच कळेल.

मागे पडले तरी नाटक थांबले नाही. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका १९७७ ची. दोनच पात्रे, नेपथ्य नाही म्हटले तरी चालेल, आणि विषय पाणी. महाडचे तळे १९२७ मध्ये ओठाला लागले आणि पन्नास वर्षांनंतरही घोटभर पाण्यासाठी नाटक लिहावे लागले. ही एकांकिका महाविद्यालयांतून, वस्त्यांतून, रस्त्यांवरून असंख्य वेळा झाली. तिचे यश तिच्या आशयात आहे तसेच तिच्या अर्थशास्त्रात आहे. दोन मुले आणि एक मोकळी जागा असली की प्रयोग होतो. जलशाची काटकसर आणि एकांकिकेची बांधणी येथे एकत्र आली.

मराठवाड्यात दत्ता भगत यांनी 'आवर्त' लिहिले, प्रकाश त्रिभुवन यांनी 'थांबा, रामराज्य येतंय!' लिहिले, रुस्तुम अचलखांब यांनी लोककलेच्या अंगाने रंगभूमीचा विचार केला आणि विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात पुढच्या पिढ्या घडविल्या. पुण्यात टेक्सास गायकवाड, भि. शि. शिंदे, रामनाथ चव्हाण यांनी दलित रंगभूमीची चळवळ चालविली. ज्या काळात दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांचा बोलबाला होता, त्याच काळातली ही नाटके आहेत. दोन्हीही शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत वाढली. एकीचा इतिहास 'समांतर' म्हणून लिहिला गेला. दुसरी कशाला समांतर होती, हे अजून नीट लिहायचे आहे.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत 'युगयात्रे'तील इतिहास खेड्याखेड्यांत पुन्हा घडून गेला. विद्यापीठाच्या फलकावरचे एक नाव सहन होत नाही, म्हणजे विद्येचा आणि जातीचा झगडा 'तृतीय रत्ना'नंतर फार पुढे सरकलेला नव्हता.

या अनुभवातून नाटकाला आतले प्रश्नही विचारावेसे वाटू लागले. १९८० च्या दशकातले भगतांचे 'वाटा-पळवाटा' त्या दृष्टीने वाचावे. एक प्राध्यापक, एक तरुण कार्यकर्ता, बाबासाहेबांच्या काळात वाढलेले काका आणि प्राध्यापकाची ब्राह्मण पत्नी. भांडण बाहेरच्या शत्रूशी आहेच, पण त्याहून अधिक आपापसांत आहे. शिकून मध्यमवर्गात गेलेल्याने काय करावे, रस्त्यावर उतरलेल्याने कुठे थांबावे, जुन्याने काय सोडावे? 'युगयात्रे'तला विद्यार्थी-नट तीस वर्षांत या नाटकातला प्राध्यापक झाला होता आणि आता त्यालाच उलटतपासणीला उभे केले होते. स्वतःची उलटतपासणी घेणारी रंगभूमी वयात आलेली असते. गज्वी २०१९ मध्ये नागपूरला भरलेल्या ९९ व्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या नागपुरात 'युगयात्रा' झाली त्याच नागपुरात. हा मान योग्यच होता. पण अध्यक्षपद मिळणे आणि इतिहासात जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६

आता भांडुपकडे वळू. येथील टेंभीपाडा, खिंडीपाडा, सोनापूर, हनुमान टेकडी या वस्त्या टेकडीच्या अंगाखांद्यावर चढत गेल्या. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने रंगाचे, टायरचे, लोखंडाचे कारखाने होते. त्यांतले बरेच बंद झाले आणि त्यांच्या जागी मनोरे व मॉल आले. कामगाराचा मुलगा महाविद्यालयात गेला. भांडुपात, मुलुंडला, घाटकोपरला, ठाण्याला. तेथे तो दोन रंगमंच पाहतो. एक १४ एप्रिलला वस्तीत बांबू आणि ताडपत्रीने उभा राहणारा, दुसरा महाविद्यालयाच्या सभागृहातला. पहिल्यावर तो भीमगीते म्हणतो, दुसऱ्यावर स्पर्धेची एकांकिका करतो. या दोन रंगमंचांचा एकमेकांशी परिचय नाही. येथे खरी अडचण आहे.

स्पर्धेने महाविद्यालयीन रंगभूमीला पुष्कळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, मुंबईतही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची मोठी परंपरा आहे. शिस्त, वेळेचे भान, संघभावना ही तिची देणगी. पण स्पर्धेच्या नाटकाचा प्रेक्षक हा परीक्षक असतो. त्याला धक्का द्यायचा, प्रकाशयोजनेने दिपवायचे, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत टाळी घ्यायची आणि पुढच्या स्पर्धेकडे वळायचे. करंडक कपाटात जातो, संहिता रद्दीत जाते. दलित, आदिवासी, झोपडपट्टी हे विषय स्पर्धेत येतात, कधी कधी फारच येतात. पण ज्या टेकडीवरचे दुःख दाखविले त्या टेकडीवर तो प्रयोग जात नाही. नागसेनवनातून नाटक नागपूरच्या समुदायापर्यंत गेले. भांडुपच्या टेकडीवरून सभागृहात गेलेले नाटक परत टेकडीवर का येत नाही, याचा जाब आपण एकमेकांना विचारला पाहिजे.

प्रश्न विचारून थांबण्याची आपली परंपरा नाही, म्हणून एक योजना मांडतो. पूर्व उपनगरातील महाविद्यालयांतल्या आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून एका शैक्षणिक वर्षाचा नाट्यक्रम ठरवावा. चार नाटके पुरेत. जून-जुलैत पावसाळ्यात 'घोटभर पाणी'. दोन नट, खर्च जवळपास नाही, वर्गखोलीतही होईल आणि वस्तीच्या समाजमंदिरातही. दिवाळीआधी 'तृतीय रत्न'. पात्रे मोजकी आहेत, आणि विदूषकाच्या तोंडून आजचे जोशी कोण हे प्रेक्षकांशी बोलत बोलत शोधता येईल. डिसेंबर-जानेवारीच्या संमेलनात 'वाटा-पळवाटा'. त्याला अभिनयाची मेहनत लागेल, पण त्यातला प्राध्यापक आणि कार्यकर्ता यांच्यावर वर्गात वाद होईल आणि तो व्हायला हवा. आणि १४ एप्रिलला 'युगयात्रा'. तिला माणसे पुष्कळ लागतात, म्हणूनच ती शेवटी. महाविद्यालयातली मुले आणि वस्तीतली मुले-मुली एकत्र आल्याशिवाय ती उभी राहणार नाही. नाटकाची ही अडचणच आपल्या उपयोगाची आहे. शेवटच्या युगानंतर आजचे एक युग विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे. ठेकेदारीतला सफाई कामगार, शिष्यवृत्तीची वाट पाहणारी मुलगी, आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक. सामग्री शोधायला लांब जावे लागणार नाही.

याबरोबर एक काम अत्यंत तातडीचे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सिद्धार्थ, मिलिंद आणि अन्य महाविद्यालयांत ज्यांनी नाटकांत कामे केली ती पिढी आता थकली आहे. त्यांच्या घरात जुनी हस्तपत्रके, संमेलनांचे अंक, नक्कललेल्या संहिता, एखादे छायाचित्र असेल. उद्या घर रिकामे करताना ते कागद रद्दीवाल्याकडे जातील. प्रत्येक विद्यार्थ्याने अशा एका ज्येष्ठाकडे जावे, कोणते नाटक झाले, कुठे झाले, तालमी कुठे केल्या, कपडे कोठून आणले, प्रेक्षकांत कोण होते, स्त्रीची भूमिका कोणी केली, हे सारे विचारून लिहून घ्यावे, आणि ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रीतसर नोंदवावे. कर्डकांनी जलशांचे जे केले ते महाविद्यालयीन नाटकांचे कोणी तरी करायला हवे. विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्यांनी दहाव्यांदा त्याच चार नाटककारांवर लिहिण्यापेक्षा हे काम हाती घ्यावे.

'तृतीय रत्न' छापायला सव्वाशे वर्षे लागली, त्याचा दोष दक्षिणा कमिटीवर टाकता येतो. नागसेनवनातल्या नटांची नावे हरवली तर तो दोष टाकायला आपल्याकडे दुसरी कमिटी नाही. महाविद्यालये आपली आहेत, त्रैमासिके आपली आहेत, लिहिता येणारे हात लाखो आहेत. या जूनमध्ये महाविद्यालये उघडतील तेव्हा पहिल्या आठवड्यात नाट्यमंडळाची सभा बोलवावी आणि विषयपत्रिकेवर दोनच विषय ठेवावेत : कोणते नाटक करायचे, आणि कोणाच्या दारात जाऊन करायचे.